अंगठा आणि परवलीचा शब्द

एके काळीं महाराष्ट्रांत 'अंगठेबहाद्दर' हें विशेषण कोणास लागलें म्हणजे त्याची मान खालीं जात असे. ज्याला सही करतां येत नाहीं त्यानें दस्तऐवजावर डाव्या हाताचा अंगठा उठवावा, आणि ज्याला चार अक्षरें येतात त्यानें वळणदार सही करावी, असा कचेऱ्यांचा शिरस्ता होता. काळाचा फेरा असा विलक्षण कीं, आज सुशिक्षित कुटुंबांतील मंडळीच मोठ्या हौसेनें अंगठा उठवूं लागली आहेत. आणि तोहि कागदावर नव्हे, तर लॅपटॉप नांवाच्या मांडीवरच्या संगणकावर. या यंत्राच्या कळफलकाच्या कडेला एक लहानशी गुळगुळीत जागा असते. तिच्यावर बोट टेकवितांच यंत्र उघडतें. परवलीचा शब्द, म्हणजे ज्याला बोलण्यांत सर्वत्र पासवर्ड म्हणतात तो, पाठ करण्याची कटकट कायमची संपली, असें मग पुष्कळांस वाटूं लागतें.

परंतु हें समाधान फार दिवस टिकत नाहीं. एखाद्या सकाळीं बोट टेकवावें, तर यंत्र कांहीं केल्या उघडत नाहीं, आणि पडद्यावर सूचना उमटते कीं, परवलीचा शब्द लिहा. काल रात्रींपर्यंत ज्या बोटाला यंत्र ओळखत होतें, त्याच बोटाला आज तें परकें कां मानतें? कोणी म्हणतो यंत्र बिघडलें, कोणी म्हणतो विकणाऱ्यानें फसविलें. खरा घोर प्रसंग पुढेंच असतो; कारण तो शब्द कोणाच्याच ध्यानांत नसतो. समजा, वर्ष-दीड वर्षापूर्वीं मुलानें यंत्र मांडून दिलें आणि शब्दहि त्यानेंच घातला. पुढें तो परगांवीं गेला. वडील रोज बोट टेकवीत राहिले, शब्द लिहिण्याची वेळच आली नाहीं. निवृत्तिवेतनाचे कागद, बँकेचे हिशेब, नातवंडांचीं छायाचित्रें सारीं आंत, आणि घरचा धनी मात्र दाराबाहेर!

यंत्राचें हें वागणें लहरी वाटलें तरी लहरी नाहीं. त्यामागें एकच तत्त्व आहे, आणि तें एकदां नीट समजलें म्हणजे बहुतेक साऱ्या शंका आपोआप मिटतात. तें तत्त्व असें : बोट ओळख पटवितें, आणि शब्द किल्ली घडवितो. हीं दोन कामें एक नव्हेत.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. गडावर दूध घालावयास आलेल्या त्या गवळणीला परतण्यास उशीर झाला आणि सायंकाळीं दरवाजे बंद झाले. घरीं तान्हें मूल होतें. पहारेकऱ्यांस ती अनोळखी होती असें नाहीं. रोज गडावर येणारी बाई ती. पण एकदां बंद झालेला दरवाजा पहांटेपूर्वीं उघडावयाचा नाहीं, अशी आज्ञा होती. म्हणून ती माउली कडा उतरून गेली. ओळख पटणें ही एक गोष्ट आणि दरवाजा उघडणें ही दुसरी, हें या कथेंतून जसें दिसतें तसें क्वचितच दुसरीकडे दिसेल. लॅपटॉपच्या दारावर नेमका हाच भेद आहे. अधिक एवढेंच कीं, तेथील पहारेकऱ्याच्या हातांत कांहीं वेळां किल्लीच नसते.

प्रथम ओळखीचा विचार करूं. बोटांच्या ठशांचा कारभारांत उपयोग करण्याचा एक प्रसिद्ध आरंभ हिंदुस्थानांतच झाला. १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या इंग्रज अंमलदारानें राज्यधर कोनाई नांवाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. पुढें १८९२ मध्यें फ्रान्सिस गॉल्टन यानें ठशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली; ठशांचें वर्गीकरण बसविण्याच्या कामीं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी अधिकाऱ्यांचे श्रम खर्चीं पडले. त्या काळापासून ठसा ओळखण्याची रीत तत्त्वतः एकच आहे. बोटावरील रेषा कोठें संपते, कोठें तिला फांटा फुटतो, अशा खुणा टिपावयाच्या आणि दोन ठशांतील खुणा परस्परांशीं ताडून पाहावयाच्या.

लॅपटॉप हेंच काम क्षणार्धांत करतो. पण येथें एक मौज आहे. एकाच माणसानें एकच बोट शंभर वेळां टेकविलें तरी शंभर ठसे हुबेहूब सारखे उमटत नाहींत. कधीं बोट किंचित् तिरपें पडतें, कधीं घामानें ओलें असतें, कधीं थंडीनें कोरडें पडतें, कधीं भाजी चिरतांना झालेली जखम आडवी येते. म्हणून यंत्र 'हा ठसा तोच आहे' असें म्हणत नाहीं. 'नोंदलेल्या ठशाशीं हा पुरेसा जुळतो' इतकेंच म्हणतें. हा निवाडा अदमासाचा असतो. अदमास फार कडक ठेवला तर खऱ्या मालकालाच वारंवार नकार मिळेल, आणि फार सैल ठेवला तर परक्याला प्रवेश मिळेल. ॲपल कंपनीनें आपल्या टच आयडी या सोयीविषयीं सांगितलेलें प्रमाण असें आहे कीं, एका नोंदलेल्या बोटामागें परक्याचें बोट योगायोगानें जुळण्याचा संभव ५०,००० मध्यें १ आहे. हें प्रमाण लहान खरें. पण सहा अंकी आंकड्याच्या १० लाख निरनिराळ्या जोड्या होतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे बोट ही मुख्यतः सोय आहे, सर्वांत बळकट कुलूप नव्हे, हें उघड होतें.

आतां किल्लीकडे वळूं. आजच्या बहुतेक चांगल्या लॅपटॉपांत कागदपत्रें जशींच्या तशीं ठेवलेलीं नसतात. तीं कूटलिपींत बदलून ठेविलेलीं असतात. यंत्र चोरीस गेलें आणि चोरानें आंतील साठवणीचा भाग काढून दुसऱ्या यंत्रास जोडला, तरी त्याला अर्थहीन चिन्हांची रास दिसावी, हा त्यांतील हेतु. ही कूटलिपि उलगडण्यास एक प्रचंड संख्या लागते. तिलाच किल्ली म्हणतात. २५६ बिटांची किल्ली नेहमींच्या दशमान पद्धतीनें मांडली तर ती ७८ अंकांपर्यंत जाते. तींतील एक अंक जरी चुकला तरी लिपि उलगडत नाहीं. येथें 'पुरेसें जुळतें' ही भाषा चालत नाहीं.

अशी संख्या मनुष्य पाठ करूं शकत नाहीं. म्हणून ज्या यंत्रांत ही व्यवस्था परवलीच्या शब्दावर आधारलेली आहे, तेथें यंत्र त्या शब्दावर गणिताची लांबलचक क्रिया करतें, त्यांत आपल्या चिपमधील एक गुप्त संख्या मिसळतें, आणि त्यांतून किल्लीचा मार्ग मोकळा करतें. शब्द तोच असेल तर उत्तर दरवेळीं तेंच येतें. बोटाचें तसें नाहीं. ठसा दरवेळीं थोडा निराळा, म्हणून गणिताचें उत्तरहि दरवेळीं निराळें येईल; आणि रोज दांते बदलणारी किल्ली कोणत्या कुलपाला चालेल? याच कारणानें नित्याच्या वापरांतील लॅपटॉपांत बोटापासून किल्ली घडवीत नाहींत. बोट केवळ पहारेकऱ्याला सांगतें कीं, 'मी धनी आहें, तुझ्याजवळची किल्ली लाव.' पहारेकऱ्याजवळ किल्ली असेल तर तो लावतो. नसेल तर त्याचाहि निरुपाय असतो.

मग ती केव्हां असते आणि केव्हां नसते? लॅपटॉपचें झांकण नुसतें मिटलें म्हणजे यंत्र झोपतें, मरत नाहीं. शब्द लिहून एकदां उघडलेली किल्ली चिपच्या ताब्यांत जिवंत राहते. झांकण उघडून बोट टेकविलें कीं काम भागतें. पण यंत्र पूर्ण बंद केलें, किंवा बंद होऊन पुन्हां सुरू झालें, म्हणजे ती तात्पुरती ठेव नाहींशी होते. तिला पुन्हां घडविण्यास शब्दच पाहिजे. 'मीं तर रात्रीं यंत्र बंद केलेंच नव्हतें' असें म्हणणारेहि असत्य बोलत नसतात. कंपनीकडून आलेल्या सुधारणा बसविण्यासाठीं यंत्र कित्येकदां मध्यरात्रीं आपण होऊन बंद होतें आणि पुन्हां सुरू होतें. गृहस्थ निद्रिस्त असतो. सकाळीं त्याला केवळ शब्दाची मागणी दिसते.

दुसरें कारण मुदतीचें. ॲपलनें २०१६ सालीं आपल्या मॅकबुक प्रो लॅपटॉपांत बोटाची सोय आणली. तिच्या नियमाप्रमाणें ४८ तासांपर्यंत यंत्र उघडलें गेलें नाहीं, तर पुढच्या वेळीं शब्दच लागतो. दोन दिवसांच्या लग्नकार्यास जाऊन आलेल्या माणसास यंत्र अनोळखी वागवितें तें यामुळें. त्याच कंपनीच्या उपकरणांस आणखी एक नियम आहे : १५६ तास, म्हणजे साडेसहा दिवस, शब्द वापरला गेला नसेल आणि मागील ४ तासांत बोटानेंहि उघडलें नसेल, तर शब्द विचारावयाचा. हरवलेलें वा चोरलेलें यंत्र कोणीं फार काळ जवळ बाळगून बोटाच्या खटपटी करूं नयेत, हा यांतील लाभ उघड आहे. मालकाच्या दृष्टीनेंहि एक फायदा होतो. शब्दाची उजळणी घडते.

तिसरें कारण फसलेल्या प्रयत्नांचें. टच आयडीमध्यें पांच वेळां बोट जुळलें नाहीं कीं बोटाचा मार्ग बंद होऊन शब्द मागितला जातो. अदमासाच्या कुलपाला अमर्याद प्रयत्न देणें म्हणजे चोराला रात्रभर किल्ल्या लावून पाहण्यास मोकळीक देणें होय. चौथें कारण महत्त्वाच्या फेरफारांचें. नवें बोट नोंदणें, परवलीचा शब्द बदलणें, यंत्रांतील सारें पुसून टाकणें, अशा कामांस पुष्कळ ठिकाणीं बोट पुरत नाहीं. दिवाणखान्यांत येण्यास ओळख पुरते, पण तिजोरी हलविण्यास धन्याचा शब्द लागतो, असाच हा प्रकार.

सर्व यंत्रांची रचना मात्र एकसारखी नाहीं. विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपांत २०१५ पासून विंडोज हॅलो नांवाची सोय आहे. तींत बोट नोंदविण्यापूर्वीं पिन नांवाचा एक आंकडा ठरवावाच लागतो. हा आंकडा त्या एका यंत्रापुरता असतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा परवलीचा शब्द याहून निराळा. पुष्कळ माणसें या दोहोंची गल्लत करतात आणि एकाच्या जागीं दुसरा लिहून हैराण होतात. या यंत्रांतील कित्येकांत कूटलिपीची किल्ली आंतील एक चिप स्वतःच, यंत्राच्या आरंभीं कोणी ढवळाढवळ केलेली नाहीं असें पाहून, मोकळी करते. म्हणून तेथें यंत्र नव्यानें सुरू झाल्यावरहि बोट चालूं शकतें. पण दुरुस्तींत कांहीं भाग बदलला किंवा आरंभींची मांडणी पालटली, तर तीच चिप संशय घेते, आणि मग ४८ अंकांची पुनःप्राप्तीची किल्ली मागितली जाते. त्या वेळीं बोट, पिन आणि खात्याचा शब्द यांपैकीं एकहि तिच्या जागीं चालत नाहीं.

लिनक्स वापरणाऱ्यांचा अनुभव याहून गमतीचा आहे. तेथें बोटानें दार उघडतें, गृहस्थ आंत येतो, आणि आल्याबरोबर पुन्हां शब्द मागितला जातो. कारण असें कीं, निरनिराळ्या ठिकाणांचे जतन केलेले शब्द तेथें एका जुडग्यांत ठेविलेले असतात, आणि तो जुडगा प्रवेशाच्या शब्दानेंच कुलूपबंद केलेला असतो. शब्द लिहून आंत आल्यास दार आणि जुडगा दोन्ही एकदमच उघडतात. बोटानें आल्यास दार उघडतें, जुडगा तसाच राहतो. बोटानें ओळख पटली, किल्ली घडली नाहीं, याचें याहून स्वच्छ उदाहरण मिळणें कठीण.

येथें कोणी विचारील कीं, रेशनच्या दुकानांत नुसत्या बोटावर धान्य मिळतें, मग लॅपटॉपलाच एवढा डौल कशाला? देशांतील पहिलें आधार ओळखपत्र २०१० सालीं महाराष्ट्रांतीलच नंदुरबार जिल्ह्यांत टेंभली या गांवीं दिलें गेलें, आणि तेव्हांपासून बोटानें ओळख पटविण्याची संवय खेड्यापाड्यांतहि रुळली आहे. पण तेथें प्रश्न एवढाच असतो कीं, समोरचा मनुष्य तोच कीं दुसरा? उत्तर दूरवरच्या, सदा जागत्या संगणकाकडून 'होय' किंवा 'नाहीं' असें येतें. तेथें कूटलिपि उलगडावयाची नसते, किल्ली घडवावयाची नसते. शिवाय कष्टानें वा वयानें ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांची ओळख तेथेंहि कित्येकदां पटत नाहीं आणि दुसरा उपाय काढावा लागतो. म्हणजे बोटाला पर्याय ठेवणें हें सर्वत्रच आवश्यक आहे.

आणखी एका दृष्टीनें शब्दाचें महत्त्व अधिक आहे. २०१३ मध्यें आयफोनमध्यें टच आयडी आली आणि थोड्याच दिवसांत जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब या मंडळीनें ठशाची नक्कल करून ती फसवून दाखविली. २०१५ मध्यें अमेरिकेच्या सरकारी कर्मचाऱ्यांची माहिती सांभाळणाऱ्या कचेरीतून सुमारें ५६ लाख माणसांचे ठसे चोरीस गेल्याचें जाहीर झालें. शब्द फुटला तर पांच मिनिटांत नवा ठरवितां येतो. बोटें मात्र मनुष्याला दहाच मिळालेलीं आहेत, आणि तीं बदलून मिळत नाहींत.

याचा अर्थ यंत्र नेहमींच बरोबर असतें असा नव्हे. झांकण मिटून तासाभरानें उघडलें तरी जर रोज शब्दच मागितला जात असेल, तर खरोखरच कांहींतरी बिनसलें आहे असें समजावें. प्रथम ती गुळगुळीत जागा आणि बोट दोन्ही कोरड्या मऊ फडक्यानें पुसावीं. मग मांडणीच्या पानावर जाऊन, बोट नोंदलेलें आहे कीं नाहीं आणि यंत्र उघडण्यासाठीं त्याचा उपयोग करण्याची खूण चालू आहे कीं नाहीं, हें पाहावें. मॅकमध्यें हें पान टच आयडी आणि पासवर्ड या नांवाखालीं, आणि विंडोजमध्यें खात्यांच्या विभागांत साइन-इन पर्यायांखालीं सांपडतें. ज्यांच्या रेषा पुसट झाल्या असतील त्यांनीं जुनी नोंद काढून नव्यानें करावी, दोन-तीन निरनिराळीं बोटें नोंदावीं, आणि नोंदवितांना बोटाचा मध्य व कडा दोन्ही टेकवाव्या.

पण या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट घरांतील व्यवस्थेची आहे. शब्द विसरला तर दुकानदार तो सांगूं शकत नाहीं. कारण शब्द जसाच्या तसा यंत्रांतहि लिहून ठेविलेला नसतो. किल्ली गेली आणि पुनःप्राप्तीची सोयहि केलेली नसली, तर आंतील कागदपत्रें जगांतील कोणताहि कारागीर परत आणूं शकणार नाहीं. चोराविरुद्ध उभारलेली भिंत विसराळू मालकाविरुद्धहि तितकीच अभेद्य असते. शिवाय धन्याचें बोट नेहमीं घरांत असेलच असें नाहीं. तो रुग्णालयांत असतां औषधोपचाराच्या विम्याचे कागद त्याच्या लॅपटॉपांत अडकून पडले, तर घरच्यांनीं काय करावें? बोट दुसऱ्याच्या स्वाधीन करतां येत नाहीं. शब्द करतां येतो.

म्हणून प्रत्येक घरांत तीन गोष्टी अवश्य व्हाव्या. परवलीचा शब्द, पिन आणि पुनःप्राप्तीची किल्ली हीं तिन्ही, कोणतें काय आहे तें स्पष्ट लिहून, एका लखोट्यांत बंद करावीं आणि तो लखोटा घराच्या खरेदीखताशेजारीं कपाटांत ठेवावा. लॅपटॉपच्या पिशवींत मात्र ठेवूं नये. तो लखोटा कोठें आहे हें पत्नीस, पतीस किंवा विश्वासाच्या एका माणसास सांगून ठेवावें. आणि आठवड्यांतून एक दिवस ठरवून, बोट न टेकवितां, शब्द लिहूनच यंत्र उघडावें. जो श्लोक म्हटला जात नाहीं तो विसरला जातो, हें लहानपणीं परवचा म्हणत वाढलेल्या पिढीस वेगळें सांगावयास नको.

अंगठ्यानें दार उघडण्याची सोय उत्तम आहे. ती अवश्य वापरावी. पण यंत्रानें शब्द मागितला म्हणजे त्यावर रागावूं नये. हातीं नसलेली किल्ली तें मागत असतें, आणि ती किल्ली केवळ धन्याच्या स्मरणांत, नाहींतर कपाटांतील त्या लखोट्यांत असते. एके काळीं अंगठ्याकडून अक्षराकडे जाणें ही शिक्षणाची पहिली पायरी मानीत. या नव्या यंत्रानें तोच धडा पुन्हां गिरवावयास लावला आहे : अंगठा कितीहि पुढें गेला, तरी अखेर चार अक्षरें ध्यानांत असावींच लागतात.